पोलीस ठाण्यांसाठी नवीन गस्तीच्या गाड्या: ७५ लाखांत सहा गाड्या, बोलेरो, निओ, स्कॉर्पिओ की अर्टिगा?

तालुका_गस्त

नमस्कार. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून सहा गाड्यांचा प्रस्ताव तयार करायचा आहे. एकूण ७५ लाख मिळणार, म्हणजे लाइटबार, सायरन, वायरलेस, एमडीटी (गाडीतला डेटा-संगणक) बसवणं धरून गाडीमागे साडेबारा लाख. सहाही जुन्या गाड्यांना १५ वर्षं पूर्ण होत आली आहेत.

वापर असा आहे. तीन ठाणी घाटातली आहेत: पावसाळ्यात दरडी, गल्ल्यांसारखे अरुंद वाडीरस्ते. दोन ठाणी शहरातली, बाजारपेठ आणि झोपडपट्टी असलेली. एक ठाणं महामार्गावर. प्रत्येक गाडी दिवसाला सरासरी १२० किमी फिरते आणि नाकाबंदी, बंदोबस्त, डायल ११२ चा पॉइंट मिळून सहा तास तरी इंजिन चालू ठेवून उभी असते. गाडीत चालक धरून चार जण, शिवाय ढाली, हेल्मेटं, काठ्या, दोर, प्रथमोपचार पेटी.

सहाही गाड्या एकाच मॉडेलच्या घ्याव्यात असं सगळे म्हणतात, सुटे भाग सोपे पडतात म्हणून. ते बरोबर आहे का? आणि बीएस-६ डिझेलच्या डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) तक्रार सगळीकडून ऐकू येते, तिचं काय करायचं?

---

एमटी_वर्कशॉप

प्रश्नातच उत्तर आहे: सहा तास उभी. गाडी निवडताना सगळे सीसी आणि मायलेज बघतात. तुमचा खर्च ठरणार आहे तो या सहा तासांवर.

हिशेब मांडून बघा. १२० किमी रोज, घाट आणि गर्दी धरून १२ चा मायलेज. वर्षाला ३,६५० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर ३.२९ लाख. आता उभं राहणं: दीड लिटरचं डिझेल इंजिन एसीसह तासाला साधारण ०.८ लिटर खातं. सहा तास, ३६५ दिवस, १,७५२ लिटर, म्हणजे १.५८ लाख. एका गाडीचं वर्षाचं इंधन ४.८६ लाख झालं आणि त्यातला तिसरा हिस्सा गाडी जागची न हलता जळाला. पाच वर्षांत एका गाडीचं इंधन २४ लाखांच्या वर जातं. खरेदीत पन्नास हजार वाचवायला आठवडाभर घासाघीस करतो आणि हा आकडा प्रस्तावात कुठेच नसतो.

डीपीएफचं मूळही इथेच आहे. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्टचं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत जावं लागतं. उभ्या गाडीत आणि २० च्या वेगाने फिरणाऱ्या गस्तीत ते कधीच जात नाही. मग ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर तापवायला बघतो, तेवढ्यात चालक चावी फिरवून इंजिन बंद करतो. असं चार-पाच वेळा झालं की दिवा लागतो, नंतर गाडीची ताकद कापली जाते, शेवटी वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून सक्तीचं रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळून फिल्टर मोकळा करणं. न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते डिझेल आहे. मॅक्सच्या खुणेच्या वर गेलं की त्याच दिवशी ऑइल बदला. पातळ ऑइलवर टर्बोचं बेअरिंग जातं आणि तो खर्च मोठा असतो.

चालकांसाठी डॅशबोर्डवर चिकटवायची सूचना:
- आठवड्यातून एकदा २०-२५ मिनिटं सलग, ६० च्या पुढे, २,००० आरपीएमच्या वर. गरज पडली तर एक गिअर खाली ठेवा.
- उभ्या गाडीचा आयडल आरपीएम नेहमीपेक्षा वर, रेडिएटरचा पंखा जोरात, गरम वास: रिजनरेशन चालू आहे. इंजिन बंद करू नका.
- ऑइल फक्त कंपनीने सांगितलेल्या लो-सॅप्स (कमी राख सोडणाऱ्या) ग्रेडचं, बहुतेक ठिकाणी एसीईए सी३. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते आणि काजळीसारखी ती जळत नाही.

काही डिझेल गाड्यांना डीईएफ म्हणजे युरियाचं द्रावणही लागतं. ते संपलं की आधी किलोमीटरची उलटी मोजणी सुरू होते आणि नंतर एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरूच होत नाही. ज्या व्हेरिअंटची निविदा काढाल त्याला डीईएफ लागतं का, हे माहितीपत्रकातून लेखी घ्या आणि लागत असेल तर ठाण्यात प्रत्येक गाडीमागे १० लिटरचा एक कॅन कायम ठेवा.

---

घाटवाट

एकच मॉडेल घ्यावं हे पंचवीस-तीस गाड्यांच्या ताफ्याला लागू पडतं. सहा गाड्यांत सुटे भाग तुम्ही साठवणारच नाही, तालुक्याच्या ठिकाणी ज्याचं सर्व्हिस सेंटर आहे तेच चालतं. काम वेगळं असेल तिथे गाडी वेगळी घ्या.

घाटातल्या तीन ठाण्यांना साधी बोलेरो. मागच्या चाकांची ताकद, शिडीसारखी चासी, १५ इंची चाकं आणि उंच बाजू असलेले टायर. चार माणसं आणि सामान भरून वरंध किंवा आंबेनळीसारख्या घाटात ओल्या चढावर थांबून पुन्हा निघायचं म्हटलं की वजन मागे सरकतं. मागची चाकं ओढत असतील तर पकड वाढते, पुढची ओढत असतील तर तीच सुटते. अर्टिगा चांगली गाडी आहे, पण भरलेल्या अर्टिगाची पुढची चाकं शेवाळलेल्या चढावर जागीच फिरतात.

बोलेरोची ७६ पीएस ताकद कमी आहे अशी ओरड होईल. होऊ दे. वाडीवस्तीच्या रस्त्यावर गाडी ४० च्या वर जातच नाही, तिथे खालच्या आरपीएमला मिळणारा २१० एनएम टॉर्क कामाला येतो.

पैशाच्या बाजूनेही बोलेरो का, ते नीट समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला जीएसटी १८ टक्के, त्यापेक्षा मोठीला ४० टक्के. बोलेरो आणि बोलेरो निओ दोन्ही ३,९९५ मिमी लांब आणि १,४९३ सीसी, म्हणजे १८ मध्ये बसतात. स्कॉर्पिओ, स्कॉर्पिओ-एन, निओ प्लस या ४० मध्ये जातात. कराआधी १० लाखांची गाडी १८ टक्क्यांनी ११.८० ला पडते, ४० टक्क्यांनी १४ ला. गाडीमागे दोन लाख वीस हजार. सरकारी खात्याला या कराचा परतावा मिळत नाही, तो पूर्ण तुमच्या ७५ लाखांतून जाणार. जुन्या दरांवर बनवलेलं अंदाजपत्रक कोणी पुढे केलं तर आधी त्यावरची तारीख बघा.

महामार्गासाठी मात्र बोलेरो नको, आणि हे मी सुरक्षेसाठी म्हणतो. तिथे गाडी १००-११० ने धावते, रात्री अपघातग्रस्त वाहनाच्या मागे उभी राहते आणि मागून येणारा ट्रक हा खरा धोका असतो. ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये पाच तारे मिळाले, बोलेरो निओला २०२४ मध्ये एक. महामार्गाच्या त्या एका गाडीला जास्त पैसे लागले तर लागू द्या, बाकी पाचांत वाचवा. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लागतोच, आणि बोलेरोच्या अगदी मागच्या आडव्या बाकांवर माणसं बसवून धावपळ करू नका, ती जागा सामानाची.

---

वायरमन_१२व्होल्ट

गाडी कोणतीही घ्या, पुढची दोन वर्षं ती वर्कशॉपात का येते याचं निम्मं कारण जोडणीत असतं. इथे थोडं सविस्तर लिहितो.

विजेचा भार आधी मोजा. २५ वॉटचा व्हीएचएफ सेट बोलताना ५ ते ६ अँपिअर घेतो, ऐकताना एकच्या आत. एमडीटी दीड-दोन. एलईडी लाइटबार पूर्ण चालू ८ पर्यंत, मंद मोडवर ३-४. १०० वॉटचा सायरन वाजताना ८-१०. सगळं एकदम चालू झालं तर पंचवीसच्या आसपास, शिवाय गाडीचे हेडलाइट आणि ब्लोअर. अल्टरनेटरवर छापलेला आकडा धावत्या इंजिनाचा असतो, आयडलवर त्याच्या जेमतेम निम्मा मिळतो. म्हणून इंजिन चालू असूनही नाकाबंदीत बॅटरी उतरते.

जोडणीचे नियम:

बॅटरीच्या प्लसपासून १० चौरस मिमीची एकच मुख्य वायर, बॅटरीपासून ३० सेंमीच्या आत ६० अँपिअरचा मिडी फ्यूज. तिथून डॅशखाली वेगळा फ्यूज बॉक्स. वायरलेसला १०, एमडीटीला ५, लाइटबारला १५, सायरनला १५ अँपिअरचा फ्यूज. वायरलेसला २.५ चौरस मिमी, लाइटबार आणि सायरनला ४. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून काहीही घेऊ नका, आणि गाडीच्या मूळ वायरला सोलून टॅप मारू नका. ईसीयूच्या वायरिंगला हात लागलेला दिसला की कंपनी वॉरंटी नाकारते आणि तिचं म्हणणं चूक नसतं.

अर्थिंग: स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबताच इंजिन आपोआप बंद होण्याची सोय) असलेल्या गाड्यांच्या बॅटरीच्या मायनस टोकावर करंट मोजणारा सेन्सर असू शकतो. तुमची अर्थ वायर थेट त्या टोकाला जोडली तर तुमचा भार सेन्सरच्या मागून जातो, ईसीयूला बॅटरी भरलेली वाटते आणि तो चार्जिंग कमी करतो. अर्थ नेहमी चासीवर, रंग खरवडून, दातेरी वॉशर लावून.

अँटेना छताच्या मध्यावर. १५५ मेगाहर्ट्झच्या आसपास पाव-तरंगलांबीची काडी साधारण ४८ सेंमी होते आणि तिला खाली सगळीकडे पत्रा लागतो. बंपरवर किंवा बॉनेटच्या कडेला लावलेली अँटेना एका दिशेला ऐकते, दुसऱ्या दिशेला बहिरी. घाटातल्या ठाण्यांत "सेट खराब आहे" अशी जी तक्रार येते, त्यात सेटचा दोष क्वचित असतो. भोकाला रबरी ग्रोमेट आणि ऑटोमोटिव्ह सीलंट नाही लावलं तर पहिल्याच पावसात छताचं अस्तर भिजतं आणि पाणी अँटेनाच्या केबलमध्ये शिरतं.

आता पैसे वाचवणारी गोष्ट. नाकाबंदीत गरज असते ती वायरलेस, एमडीटी आणि मंद लाइटबारची: साधारण ६ अँपिअर. सहा तासांचे ३६ अँपिअर-तास. मागच्या जागेत १०० अँपिअर-तासाची सीलबंद एजीएम बॅटरी, घट्ट बांधलेल्या पेटीत, आणि तिच्यासाठी डीसी-डीसी चार्जर. पोलिसी उपकरणं सगळी या दुसऱ्या बॅटरीवर, आणि १२ व्होल्टखाली गेलं की भार तोडणारा कटऑफ. मुख्य बॅटरी फक्त इंजिन सुरू करायला. जोडणी धरून ३५-४० हजारांत काम होतं. रात्री आणि पावसाळ्यात एसी लागत नाही, म्हणून सहापैकी तीन तास जरी इंजिन बंद राहिलं तरी वरच्या हिशेबाने वर्षाला ८७६ लिटर, म्हणजे ७८ हजारांच्या वर वाचतात. सहा महिन्यांत पैसे वसूल, आणि डीपीएफचा त्रास निम्मा.

साधी पाण्याची बॅटरी मात्र केबिनमध्ये कधीही ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

---

डेट्रॉइटकर

इथे अमेरिकेतही नेमका हाच प्रश्न आहे. फोर्ड आपल्या पोलिस गाड्यांसाठी एक तास आयडलिंग (इंजिन चालू ठेवून उभं राहणं) सुमारे ३३ मैल, म्हणजे ५३ किमी धावण्याइतकं धरते. म्हणून इथल्या पोलिस गाड्यांवर इंजिन-तास दाखवणारं मीटर असतं आणि गाडी निकाली काढतानाही तो आकडा बघतात. तुमच्या सहा तासांचे सुमारे ३२० किमी होतात. ओडोमीटर १२० दाखवतो, इंजिनाला ४४० वाटतात. २०२० च्या मॉडेलपासून फोर्डने पोलिस एसयूव्हीला हायब्रिड इंजिन दिलं तेही याच कारणाने: गाडी उभी असताना उपकरणं मोठ्या बॅटरीवर चालतात, इंजिन मधूनच सुरू होऊन बंद होतं. वायरमन यांनी सांगितलेली दुसरी बॅटरी म्हणजे त्याच कल्पनेचं स्वस्त रूप आहे.

प्रत्येक गाडीला अवर मीटर बसवाच. काहीशे रुपयांची वस्तू आहे.

---

एमटी_वर्कशॉप

@डेट्रॉइटकर, अवर मीटरला पूर्ण सहमत. ५३ किमीचा आकडा मात्र मोठ्या पेट्रोल इंजिनांवरून आला आहे, तो दीड लिटरच्या टर्बो डिझेलला जसाच्या तसा लावला तर दर तीन आठवड्यांनी ऑइल बदलावं लागेल आणि लेखा शाखा ते मान्य करणार नाही. मी सुचवीन ते असं: कंपनीचं १०,००० किमीचं अंतर निम्मं करा. ५,००० किमी किंवा ४०० इंजिन-तास, जे आधी येईल ते. तुमच्या वापरात दिवसाला अकरा तास इंजिन चालतं, म्हणजे ४०० तास साधारण पाच आठवड्यांत भरतात. पहिल्या दोन बदलांच्या वेळी जुन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. काजळी, चिकटपणा आणि डिझेलचं प्रमाण पाहून अंतर वाढवायचं की नाही ते ठरवा. दुसरी बॅटरी बसली तर नक्की वाढवता येईल.

---

नियमपुस्तक

खरेदीच्या बाजूने चार गोष्टी.

१५ वर्षांचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे: सरकारी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकरण होत नाही. कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या सवलतीत चिलखती आणि तशाच खास बनावटीच्या गाड्या येतात, साधी गस्तीची बोलेरो त्यात बसत नाही. तेव्हा "अजून दोन वर्षं ओढू" हा पर्याय धरू नका. निर्लेखनाआधी (गाडी भंगारात काढण्याआधी) लाइटबार, सायरन, वायरलेस, अँटेना उतरवून घ्या. एलईडी लाइटबार चांगला असेल तर नव्या गाडीवर चालतो आणि तेवढे पैसे दुसऱ्या बॅटरीला मिळतात. 'पोलीस' ही अक्षरं आणि बोधचिन्ह खरवडल्याशिवाय गाडी आवाराबाहेर जाऊ देऊ नका.

जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) मागणी नोंदवताना मॉडेलचं नाव पुरेसं नाही, व्हेरिअंट नीट वाचा. उपकरणं आणि जोडणी हे वेगळं काम म्हणून वेगळ्या तांत्रिक तपशिलासह काढा: वायरची जाडी, फ्यूज, अँटेनाची जागा, एक वर्षाची हमी, सगळं लिहा. गाडी विकणाऱ्याच्या गळ्यात जोडणी घातली की तो ती सर्वांत स्वस्त दुकानाला देतो. प्रस्तावात जोडणीसाठी गाडीच्या किमतीच्या आठ-दहा टक्के वेगळे दाखवा, नाहीतर मार्चअखेरीस गाड्या येतात आणि लाइटबारविना आवारात उभ्या राहतात.

दिवे: गस्तीच्या गाडीला लाल-निळा-पांढरा बहुरंगी दिवा. नुसता लाल मागवू नका.

विमा: सरकारी मालकीच्या गाड्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये सक्तीच्या विम्यातून सूट आहे. त्याचा अर्थ असा की विमा काढला नसेल तर अपघातानंतरची दुरुस्ती तुमच्याच देखभाल निधीतून होते. त्या शीर्षाखाली तरतूद ठेवा.

आणखी एक, हा माझा आग्रह आहे. शहरातल्या दोन ठाण्यांना खरंच दोन चारचाकी हव्यात का? झोपडपट्टीच्या गल्लीत कोणतीच चारचाकी शिरत नाही. एका चारचाकीच्या पैशात १५०-१६० सीसीच्या सात-आठ मोटारसायकली येतात. बीट मार्शलना त्या दिल्या तर तक्रारदाराच्या दारात माणूस आधी पोहोचतो.

---

तालुका_गस्त

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रस्ताव असा बदलतो: घाटातल्या तीन ठाण्यांना तीन बोलेरो, महामार्गाला एक स्कॉर्पिओ-एन, शहराला एक पेट्रोल अर्टिगा आणि सहाव्या गाडीच्या पैशात दोन्ही शहरी ठाण्यांसाठी मोटारसायकली. पाचही चारचाकींना दुसरी बॅटरी आणि अवर मीटर. शहरासाठी अर्टिगा सीएनजी घ्यावी का, हे तेवढं सांगा. आणि ताबा घेताना काय तपासायचं?

---

घाटवाट

सीएनजी नको. मागची जागा टाकीत जाते, ढाली आणि हेल्मेटं ठेवायला उरत नाही, आणि पंपावरच्या रांगेत उभ्या गाडीला ११२ चा कॉल आला तर ती अर्ध्या टाकीवर निघते. पेट्रोलच घ्या. डीपीएफ नाही, शहराच्या आखूड फेऱ्यांना तेच बरं.

---

एमटी_वर्कशॉप

ताब्याच्या वेळी: टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाचही टायर एकाच सुमाराचे हवेत, स्टेपनीसकट. चासी आणि इंजिन क्रमांक बिलाशी ताडून पाहा. जॅक, पाना, त्रिकोण, सर्व्हिस पुस्तिका. एसी आणि सगळे दिवे चालू ठेवून अर्धा तास आयडलवर उभी करा, बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा: १३.५ व्होल्टच्या खाली जात असेल तर उपकरणं बसवण्याआधीच कळवा, बसवल्यानंतर दोष जोडणीवर ढकलला जातो. दोन्ही चाव्या मोजून घ्या आणि दुसरी चावी चालकाकडे न देता ठाणे अंमलदाराच्या कपाटात, नोंदवहीत सही घेऊन ठेवा. चिप असलेली चावी हरवली तर नवी प्रोग्राम होऊन येईपर्यंत गाडी जागेवरून हलत नाही.